इंधनदंड गेला, ट्रेलर ओढणाऱ्यांचे काय?

अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी केलेल्या कर व खर्चविषयक कायद्यात मोटार उद्योगासंबंधी एक छोटी तरतूद आहे. सरासरी इंधन कार्यक्षमतेचे, म्हणजेच 'कॅफे'चे निकष न पाळणाऱ्या उत्पादकांचा दंड तिने शून्यावर आणला. यावरील चर्चा मुख्यत्वे विजेवरील मोटारींभोवती फिरली. मात्र सुट्टीत बोट किंवा कॅरॅव्हॅन मागे जोडून निघणाऱ्या एसयूव्हीधारकांचे एक जुने दुखणेही या निकषांशी निगडित आहे.

१९७३ च्या तेलसंकटानंतर १९७५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने हे निकष आणले. इंधन वाचवण्याचा एक स्वस्त मार्ग उत्पादकांच्या हाती होता, तो म्हणजे ॲक्सलमधील गिअरचे गुणोत्तर कमी ठेवणे. हे गुणोत्तर ३.०८ असेल, तर प्रॉपेलर शाफ्टच्या ३.०८ फेऱ्यांमागे चाकाचा एक फेरा होतो. महामार्गावर इंजिन संथ फिरते आणि पेट्रोल वाचते. पण मागे दोन टनांचा ट्रेलर आणि समोर लांबलचक चढ आला की गिअरबॉक्स सारखा वरखाली करू लागतो. २०१५ ते २०२० च्या शेव्हरोले टाहोमध्ये मूळ गुणोत्तर ३.०८ होते; जड ट्रेलर ओढणाऱ्यांसाठी ३.४२ चा पर्याय होता.

काही मालक बाहेरच्या गॅरेजमध्ये क्राऊन-पिनियनची जोडी बदलून घेतात. ३.०८ ऐवजी ३.७३ बसवल्यास त्याच गिअरमध्ये चाकावरील जोर सुमारे २१ टक्क्यांनी वाढतो. अर्थात, त्याच वेगाला इंजिनही तितकेच अधिक फिरते. मिनिटाला १,७०० फेऱ्यांच्या जागी सुमारे २,०५०. चारचाकी चालना असेल तर पुढचा व मागचा असे दोन्ही ॲक्सल उघडावे लागतात, कारण दोहोंचे गुणोत्तर सारखे नसल्यास यंत्रणेवर ताण येतो. जोडी काटेकोर बसली नाही तर गाडी कायमची घोंघावत राहते. शिवाय स्पीडोमीटर आणि गिअरबॉक्सच्या संगणकाला नवे गुणोत्तर कळवावे लागते ते वेगळेच.

आठ व दहा गिअरच्या नव्या गाड्यांत पहिला गिअरच पुरेसा जोरकस असल्याने हा खटाटोप पूर्वीइतका गरजेचा राहिलेला नाही. गॅरेजवाले अर्थातच तसे सांगत नाहीत.

खरा धोका गैरसमजाचा आहे. गिअर बदलल्याने ओढण्याचा जोर वाढतो. ब्रेक, चासी, हिच आणि टायर मात्र तेच राहतात. उत्पादकाने ठरवलेली वजनमर्यादा गॅरेजमध्ये बदलत नाही. ती ठरवण्याच्या 'एसएई जे२८०७' या मानकात ॲरिझोनातील डेव्हिस डॅमजवळचा सुमारे १८ किलोमीटरचा चढ प्रमाण मानला आहे. भर उन्हाळ्यात, वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून, एसयूव्हीला तो ताशी किमान ६४ किलोमीटर वेगाने चढावा लागतो. तेथे गिअरइतकीच इंजिन व गिअरबॉक्स थंड ठेवणाऱ्या यंत्रणेचीही परीक्षा होते, आणि ब्रेकच्या चाचण्या निराळ्या असतात.

दंड गेल्याने कारखान्यातूनच जोरकस ॲक्सलचे पर्याय पुन्हा मिळतील, ही अपेक्षा मात्र घाईची वाटते. नव्या गाडीची आखणी काही वर्षे आधी होते. पुढच्या काँग्रेसने दंड परत आणला तर काय, हा हिशेबही कंपन्यांना मांडावा लागतो. पेट्रोलचे बिल भरणारे बहुसंख्य ग्राहक तर ट्रेलर जोडतच नाहीत.