जवारी आणि डेसिबल

कंप पावणाऱ्या वस्तूमुळे हवेचा दाब क्षणाक्षणाला वाढतो आणि उतरतो. दाबाचा हा चढउतार पुढे सरकत कानापर्यंत आला की तो ध्वनी म्हणून ऐकू येतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो आणि निरोगी तरुण कान सेकंदाला २० ते २०,००० कंपने एवढा पट्टा ऐकू शकतो. इतके शाळेच्या पुस्तकात असतेच. संगीताच्या दृष्टीने खरी महत्त्वाची गोष्ट त्याच्या पुढची आहे. सबंध तार कंप पावत असते तेव्हाच तिचे अर्धे, तिसरे, चौथे, पाचवे भागही दुपटीने, तिपटीने, चौपटीने, पाचपटीने थरथरत असतात. मूळ स्वराच्या पोटात वाजणाऱ्या या स्वरांना उपस्वर म्हणतात. बासरीचा सा आणि सारंगीचा सा यांतला फरक कळतो तो उपस्वरांच्या कमीअधिक प्रमाणामुळे. ओळखीचा माणूस नुसत्या हाकेवरून कळतो, त्यातही त्यांचा मोठा वाटा असतो.

उपस्वरांचे हे जग सर्वांत उघडपणे ऐकू येते ते तंबोऱ्यात. महाराष्ट्रात तंबोरा म्हटला की मिरज आठवते. हत्यारे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातील कारागीर एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्यांकडे वळले आणि त्यांचे वंशज आजही सतारी-तंबोरे बनवतात. पंढरपूर परिसरातून आलेला भोपळा वाळवून, कापून, त्याला लाकडी दांडी जोडली जाते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण वाद्याचा जीव भोपळ्यात नसतो. तो तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर असतो. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिचा माथा अगदी किंचित उतरता, गोलसर घासलेला असतो. व्हायोलिनच्या घोडीसारखी तिला धार नसते. त्यामुळे कंप पावणारी तार त्या माथ्याला स्पर्श करते, सुटते, पुन्हा स्पर्श करते. कारागीर कानशीने चार हात मारतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवला जातो. दोरा केसभर पुढेमागे झाला की मुका आवाज एकदम खुलतो आणि गुंजू लागतो. हीच जवारी. ती मोजपट्टीने लागत नाही, कानानेच लावावी लागते.

यामागचे शास्त्र चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली मांडले. तार जिथे छेडावी, तिथे ज्या उपस्वरांचे स्थिर बिंदू पडतात ते उपस्वर आवाजात उमटत नाहीत, असा युरोपीय ध्वनिशास्त्रातला प्रस्थापित नियम होता. तंबोऱ्यात मात्र ते स्पष्ट ऐकू येतात, आणि याचे कारण तो गोलसर माथा, हे रामन यांनी दाखवून दिले. तबला-मृदंगाबाबतही त्यांनी असेच काम केले. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर एकमेकांशी मेळ नसलेले असतात, म्हणून त्यातून थाप निघते, स्वर निघत नाही. मधोमध थरावर थर देऊन घोटलेल्या शाईमुळे ते उपस्वर पटींच्या हिशेबात येतात आणि तबला सुरात मिळवता येतो. शाई घोटणाऱ्या हातांना हे गणित माहीत नव्हते. त्यांना आवाज माहीत होता, आणि तेवढ्याने ते अचूक उत्तरापर्यंत पोहोचले होते.

तंबोऱ्याच्या खर्जाच्या, म्हणजे खालच्या सा च्या, तारेत तर याहून विलक्षण गोष्ट घडते. खर्जाच्या पाचपट कंपनांचा उपस्वर म्हणजे दोन सप्तके वरचा शुद्ध गांधार. तंबोऱ्याची एकही तार गांधारात मिळवलेली नसते, तरी जवारी नीट लागली की गांधार ऐकू येतो. सा २४० कंपनांचा धरला तर त्याच सप्तकातला हा गांधार ३०० कंपनांवर येतो. समान अंतराने स्वर बसवलेल्या हार्मोनियमची पट्टी ३०२ च्या थोडी वर वाजते. फरक दोन-अडीच कंपनांचा, पण तयार कानाला तो बोचतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींच्या, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांच्या, मोजमापावर १९१० साली ग्रंथ लिहिला, आणि या मोजणीच्या खटपटीत उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याची साथ होती. आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके हार्मोनियम दूर ठेवली, त्यालाही स्वरांच्या या सूक्ष्मतेचा आग्रह हे एक कारण होते. बंदी योग्य होती की नाही यावर वाद होऊ शकतो, पण दोन कंपनांच्या फरकावर एवढा खल करणारा समाज किती बारकाईने ऐकत होता, हे त्यातून निर्विवाद दिसते.

ध्वनी टिपण्याची आणि वाढवण्याची यंत्रे आली तशी कलाही बदलली. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे तबकडीवर उतरले. तबकडीला तीनएक मिनिटांची मर्यादा होती, म्हणून तासभराचा राग तेवढ्यात मांडण्याची नवी रीत घडली. मराठी रंगभूमीवर ध्वनिक्षेपक नव्हता तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत पद पोहोचवणे हे गळ्याचेच काम होते. चढी पट्टी आणि खुला, टोकदार आवाज ही नटाची गरज होती. १९२७ साली मुंबईत नभोवाणी केंद्र सुरू झाले. मायक्रोफोनसमोर हळुवार गाताही येते हे उमगले आणि भावगीताला हवा तसा गळा मिळाला. चित्रपटाने तर ध्वनी वगळण्याचीही ताकद ओळखली. बोलपट येऊन अवघी काही वर्षे झाली असताना व्ही. शांताराम यांनी ‘कुंकू’ (१९३७) मध्ये पार्श्वसंगीत टाळून घड्याळासारख्या रोजच्या आवाजांवर भिस्त ठेवली. जरठ-विवाहात सापडलेल्या नीराच्या घरातली घुसमट त्या आवाजांनी जितकी जाणवते, तितकी वाद्यवृंदाने जाणवली नसती.

ज्या कानावर हे सारे अवलंबून आहे, त्याची रचना मात्र नाजूक आहे. आतल्या शंखाकृती भागात प्रत्येक कानात सुमारे १५ हजार रोमपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आवाजाने होणारी हानी बहुधा ४,००० कंपनांच्या आसपास सुरू होते. मूळ स्वर त्याच्या बराच खाली असल्यामुळे माणसाला गाणे ऐकू येतच राहते. जाते ती स, श, फ, थ या व्यंजनांची स्पष्टता आणि वरच्या उपस्वरांची चमक. म्हणजे बहिरेपणा जाणवण्याच्या कितीतरी आधी जवारी हरवते.

डेसिबलचे मापन लॉगरिदमवर चालते, त्यामुळे आकडे फसवे वाटतात. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. ५० डेसिबलचा फरक म्हणजे १ लाख पट. निवासी भागासाठी २००० सालच्या नियमांनी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. पुण्यात विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी आणि शिक्षक आवाज मोजतात, आणि अनेक वर्षी ही सरासरी १०० च्या वर गेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित आहे आणि पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०१ डेसिबलला आठवड्याचा वाटा २० मिनिटांपेक्षाही कमी उरतो. ढोलपथकातली मुले महिनोन्‌महिने रोज त्याहून जास्त वेळ सराव करतात, तीही बहुधा कानात बोळे न घालता. कान झोपेतही मिटत नाहीत. अचानक फटाका फुटला की झोपलेल्या माणसाचेही हृदय वेगाने धडधडते. आजारी माणसे, तान्ही मुले आणि जनावरे यांना याचा त्रास सर्वांत अधिक होतो.

फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा मोठा आवाज करणारे फटाके बनवणे, विकणे आणि वाजवणे यांवर १९९९ पासून बंदी आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजी फटाके वाजवता येत नाहीत. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्या भोवतालच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात तर ते कधीच वाजवता येत नाहीत. नियम पुरेसे आहेत. ते पाळावेत अशी इच्छा कमी पडते. या दिवाळीत वाचकांनी ते स्वतः पाळावेत, आपल्या सोसायटीत आणि मंडळात पाळायला लावावेत, आणि ढोलपथकात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या हातात टिपऱ्यांबरोबर कानात घालायचे बोळेही द्यावेत, ही आग्रहाची विनंती.