वाळवंटातला फुकट मुक्काम धोक्यात का आला?

समोर लाल खडक, वर गच्च चांदण्या आणि नजर जाईल तिथवर माणूस नाही. गाडीच्या डिकीत बसून कुणीतरी निवांत कॉफी पितंय. अमेरिकेतल्या यूटाच्या वाळवंटातली अशी रील तुमच्या फीडवर कधीतरी आलीच असेल. एमएसला तिकडे गेलेला एखादा सीनियर वर हेही सांगतो, ‘अरे, राहायला एक पैसा लागला नाही!’ ते खरंय. पण पैसा का लागत नाही, हे कळलं की 2025 मध्ये या ओसाड जमिनीवरून तिथे एवढं रान का पेटलं, तेही कळतं.

अमेरिकेच्या पश्चिमेला, समुद्रसपाटीपासून चार-पाच हजार फुटांवर, कोरड्या वाळवंटाचा मोठा पट्टा आहे. त्यातली बरीचशी जमीन केंद्र सरकारची. एकट्या ‘ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ या खात्याकडे देशभरात सुमारे 24.5 कोटी एकर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या तिपटीहून जास्त! आपल्या गावातलं गायरान आठवा. तसंच काहीसं हे: मालकी सरकारची, वापर अनेकांचा. तिथे गुरं चरतात, खाणी चालतात, लोक शिकारीला येतात आणि तंबूही ठोकतात.

तंबू ठोकायच्या दोन पद्धती. एक, कॅम्पग्राउंड. ठरलेली जागा, टेबल, शेकोटीचं कडं, साधं शौचालय आणि त्यासाठी फी. मोआब गावाजवळ एका रात्रीचे साधारण 20 डॉलर. दुसरी, ‘डिस्पर्स्ड’ कॅम्पिंग. म्हणजे मनाई नसेल तिथे, आधीच वापरात असलेल्या मोकळ्या जागेवर मुक्काम. फी नाही, बुकिंग नाही. बहुतेक ठिकाणी एका जागी 14 दिवसांची मर्यादा असते. पाणी, नळ, कचराकुंडी, नेटवर्क यातलं काहीच नाही. माणशी दिवसाला चार लिटर पाणी सोबत न्यायचं आणि कचरा परत आणायचा.

‘एवढ्या मोठ्या वाळवंटात माझ्या एका तंबूनं काय बिघडणार?’ असं वाटतं ना? बिघडतं. तिथल्या मातीवर शेवाळ, दगडफूल आणि सूक्ष्मजीवांची काळपट खडबडीत साय धरलेली असते. तीच माती वाऱ्यापासून धरून ठेवते. गाडीचं चाक तिच्यावरून गेलं तर ती भरून यायला कित्येक वर्षं, कधी दशकं लागतात. कोरड्या मातीत मैलाही लवकर कुजत नाही, म्हणून काही भागांत तो चक्क पिशवीत भरून परत न्यावा लागतो. मोआबच्या आसपास गर्दी वाढली, तशी बऱ्याच ठिकाणची मोकळी मुभा गेली आणि ठरलेल्या जागा, फीची कॅम्पग्राउंड्स आली. नियम उगाच आले नाहीत, आधीच्या पाहुण्यांनी ते ओढवून आणले.

आता 2025 कडे येऊ. जूनमध्ये यूटाचे रिपब्लिकन सिनेटर माइक ली यांनी ट्रम्प सरकारच्या मोठ्या अर्थविधेयकात एक तरतूद घातली: पश्चिमेकडच्या 11 राज्यांतली 22 ते 33 लाख एकर सरकारी जमीन विकायची. कारण दिलं घरटंचाईचं. ते अगदीच खोटं म्हणता येणार नाही. यूटाची जवळपास दोन तृतीयांश जमीन केंद्राकडे आहे आणि शहरांना वाढायला जागा हवी, घरंही महाग झालीत. पण विरोधकांचा सवाल साधा होता: गावापासून कोसो दूर, पाणी-रस्ता नसलेल्या जमिनीवर स्वस्त घरं कोण बांधणार? आणि एकदा विकलेली जमीन परत येणार का?

गंमत म्हणजे कॅम्पिंगवाले, पर्यावरणवाले, शिकारी आणि मासेमारीचे शौकीन असे एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे लोक एका बाजूला आले. मोंटाना, आयडाहोचे रिपब्लिकन सिनेटरही विरोधात गेले. लींनी आधी प्रस्ताव बराच छाटला. पण खरेदीदार सामान्य अमेरिकी कुटुंबंच असतील याची पक्की हमी देता येत नाही, असं सांगत जून संपता संपता तो मागेच घेतला. विक्रीची कल्पना मात्र त्यांनी सोडलेली नाही.

म्हणजे त्या फुकट रात्रीला दोन बाजूंनी धोका आहे. वापरणारे बेफिकीर झाले की जागा बंद होते. आणि ‘तिथे आहेच काय, नुसतं ओसाड रान’ असं लोकांना वाटलं की ती विकायला सोपी जाते. पहिला धोका तंबूवाल्यांच्या हातातला आहे. दुसरा टळला, कारण तिथे राहून आलेल्या हजारोंनी आपापल्या लोकप्रतिनिधींना फोन केले, पत्रं लिहिली.

पुढची रील लाइक करताना हे लक्षात असू द्या. आणि जमलं तर एक काम करा: तुमच्या गावाचं गायरान किती एकर आहे आणि त्यातलं आज किती उरलंय, हे घरी विचारून बघा.