नवा संगणक कशाला?

मंडळी, नातवाला एकाच वेळी तीन गेम उघडे लागतात आणि घरचा संगणक अडखळतो. (एकच खेळ म्हणून सांगून पाहिलं. असो.) जो तो म्हणतो, नवा घ्या. सोयाबीनच्या भावात? मला पटत नाही. प्रत्येक गेम रॅम खातो. ती संपली की काम हार्डडिस्कवर ढकललं जातं आणि तिची फिरती तबकडी संथ. म्हणून ४ जीबी रॅमची ८ करावी, एसएसडी बसवावी. मात्र विंडोज ३२-बिट असेल तर ४ जीबीपुढची रॅम वायाच, आणि डीडीआर-३ च्या खाचेत डीडीआर-४ बसत नाही. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, तेव्हा अशा जुन्या संगणकावर गेम खुशाल खेळा, बँकेचे व्यवहार नकोत.