फोटो सुंदर, पण खरा?

लाखभर रुपयांचा नवा स्मार्टफोन बाजारात आला, की दोन आकडे हमखास पुढे केले जातात. एक कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलचा, दुसरा एखाद्या चाचणी संस्थेने दिलेल्या गुणांचा. हे आकडे खोटे नसतात. पण ते नेमके काय मोजतात, हा प्रश्न आता हौशी छायाचित्रकारांपुरता उरलेला नाही. अंगावर उठलेले पुरळ, न भरणारी जखम, पिवळसर वाटणारे डोळे यांचा फोटो डॉक्टरांना पाठवणे आता सर्रास चालते. अशा वेळी फोटो चांगला असण्यापेक्षा तो खरा असणे महत्त्वाचे ठरते.

आधी मेगापिक्सेलचे पाहू. २०२३ मध्ये आलेल्या सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस २३ अल्ट्राचा मुख्य कॅमेरा २०० मेगापिक्सेलचा, म्हणजे २० कोटी पिक्सेलचा. मात्र त्यातला एकेक पिक्सेल जेमतेम ०.६ मायक्रॉन रुंद, साधारण नारिंगी प्रकाशाच्या तरंगलांबीएवढा. इतक्या कमी जागेत प्रकाश थोडाच गोळा होतो आणि चित्र दाणेदार होते. म्हणून हा फोन एरवी शेजारचे १६ पिक्सेल एकत्र करून एकासारखे वापरतो. हाती येतो तो सुमारे १२ मेगापिक्सेलचा फोटो. पुढचे काम सॉफ्टवेअरचे : अनेक फ्रेम टिपून त्या एकमेकींवर बसवणे, सावल्या उजळणे, कडा ठळक करणे.

गुणांचेही असेच. फ्रान्समधील डीएक्सओमार्क २०१२ पासून मोबाइल कॅमेऱ्यांचे मूल्यमापन करते. ठरावीक प्रकाशातील तक्ते आणि प्रत्यक्ष दृश्ये यांवरून रंग, तपशील, फोकस, झूम अशा बाबी तपासून शेवटी एक आकडा दिला जातो. त्याला शंभराची मर्यादा नाही. २०१८ मध्येच ह्युआवेच्या पी २० प्रोने १०९ गुण मिळवले होते. हीच संस्था फोन कंपन्यांना चाचणीची साधने आणि सल्लाही पुरवते, हे ग्राहकाने ध्यानात ठेवलेले बरे. शिवाय एका आकड्यात सारे बसवायचे, तर कोणत्या बाबीला किती वजन द्यायचे हे कुणीतरी ठरवावेच लागते. यूट्यूबवरील परीक्षक मार्केस ब्राउनली यांनी २०२२ मध्ये फोनची नावे झाकून प्रेक्षकांकडून फोटोंवर मते घेतली, तेव्हा महागड्या फोनना मागे टाकून गूगलचा मध्यम किमतीचा पिक्सेल ६ए पहिला आला.

तथापि, पसंती म्हणजे सचोटी नाही. मार्च २०२३ मध्ये एका वापरकर्त्याने चंद्राचे मुद्दाम धूसर केलेले चित्र संगणकाच्या पडद्यावर ठेवून सॅमसंगच्या फोनने टिपले. मूळ चित्रात नसलेले तपशील फोटोत उमटले. कृत्रिम बुद्धिमत्ता चंद्र ओळखून तपशील वाढवते, असे स्पष्टीकरण कंपनीने दिले. चंद्राच्या बाबतीत हे हसण्यावारी नेता येईल. त्वचेच्या बाबतीत नाही. चेहरा उजळ आणि नितळ करणारे ‘ब्यूटी’ मोड डाग पुसतात, लाली फिकी करतात. आणि डॉक्टरांना पाहायचे असते ते नेमके हेच.

सावळ्या वर्णाचा प्रश्न याहून जुना आहे. गूगलने २०२१ मध्ये ‘रिअल टोन’ आणले. २०२२ मध्ये हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा छटांची त्वचावर्ण पट्टी स्वीकारली. म्हणजे ही उणीव मोजता येते आणि सुधारताही येते. मग ‘आवडणारा फोटो’ आणि ‘खरा फोटो’ यांना वेगवेगळे गुण का नसावेत? प्रक्रिया कमीत कमी ठेवणारा पर्याय प्रत्येक फोनमध्ये ठळकपणे का दिसू नये? परीक्षकांनी आणि कंपन्यांनी याचे उत्तर द्यायला हवे.

तोवर ग्राहकाने आपल्या परीने काळजी घ्यावी. डॉक्टरांसाठी फोटो काढताना ब्यूटी मोड आणि फिल्टर बंद ठेवावेत, दिवसाचा उजेड वापरावा, आकार कळावा म्हणून शेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवावे, एक फोटो जवळून व एक लांबून घ्यावा. तरीही शंका उरली, तर दवाखाना गाठावा. चंद्र हवा तितका देखणा दिसो. जखम मात्र आहे तशीच दिसली पाहिजे.