आपल्या दारावरून जाणारी सफारी



परवाच्या शनिवारची गोष्ट. सकाळची शाळा, चौथीचा वर्ग. मी फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा काढत होते, पण एका स्वारीचं लक्ष नकाशात नव्हतंच. आदल्या रात्री त्यानं टीव्हीवर आफ्रिकेतले प्राणी पाहिले होते आणि ते कधी एकदा सांगतो असं त्याला झालं होतं. शेवटी तो उभाच राहिला. "बाई, हज्जारो जनावरं एकदम नदीत उड्या घेतात! खाली मगरी टपलेल्या असतात! माणसं गाडीतून बघतात, त्याला सफारी म्हणतात." मग तोंड पाडून म्हणाला, "आपल्या धाटावला नुसत्या कंपन्या. आपल्याकडं असलं काही येतच नाही."

देवानं ऐकलं की काय कोण जाणे! तेवढ्यात रस्त्याकडून कुत्र्याचं भुंकणं आणि "बें बें" असा एकच गलका ऐकू आला. आता वर्गात कोण बसतंय? मीही खडू ठेवला आणि सगळ्यांना घेऊन फाटकाशी गेले.

कोलाडच्या बाजूनं मेंढरं येत होती. काळी, तपकिरी, मधूनच एखादं पांढरं. सगळा रस्ता भरून गेला होता आणि मागे दोन टँकर हॉर्न वाजवत अडकले होते. पुढे तांबडं मुंडासं बांधलेले एक बाबा, मागे बायका आणि तीन घोडी. घोड्यांवर अख्खा संसार! पातेली, घोंगड्या, जाळी, खुराड्यातल्या कोंबड्या, आणि सगळ्यांत वर कालच जन्मलेलं एक कोकरू, मान बाहेर काढून ऐटीत बघत होतं.

"मोजा रे," मी म्हटलं. मोजून झाल्यावर आकडे बघा: तीनशे चाळीस, चारशे बारा, आणि टीव्हीवाल्या स्वारीचे एक हजार! मी बाबांना विचारलं, तर ते हसून म्हणाले, "बाई, आमी मोजत न्हाई. नसलेलं मेंढरू आमाला दिसतं."

आता आफ्रिकेकडे वळू. टांझानियात सेरेंगेटी नावाचं प्रचंड गवताळ रान आहे आणि त्याला लागूनच केनियातलं मसाई मारा. तिथला वाइल्डबीस्ट हा प्राणी म्हणजे देवानं उरल्यासुरल्या तुकड्यांतून बनवल्यासारखा. शिंगं गाईची, आयाळ घोड्याची, दाढी बोकडाची! असे सुमारे तेरा लाख वाइल्डबीस्ट आणि त्यांच्याबरोबर लाख-दोन लाख झेब्रे दरवर्षी पाऊस आणि गवत यांच्या मागोमाग फिरतात. जानेवारी ते मार्चमध्ये ते दक्षिणेच्या आखूड गवताच्या मैदानात असतात. तिथल्या मातीत जुन्या ज्वालामुखींची राख आहे, त्यामुळे गवत कसदार. लेकुरवाळ्या माद्यांना असंच गवत लागतं. थोड्याच आठवड्यांत लाखो पिल्लं जन्मतात आणि जन्मल्यावर काही मिनिटांत उभी राहतात, कारण सिंह आणि तरस काही थांबत नाहीत. मे-जूनमध्ये दक्षिणेचं गवत सुकलं की सगळा लोंढा निघतो. जुलै ते ऑक्टोबर या काळात वाटेत मारा नदी आडवी येते. टीव्हीवर दाखवतात ते हेच. नोव्हेंबरात पुन्हा पाऊस पडला की माघारी.

एक मजा सांगते. सगळे एकच गवत खात नाहीत. झेब्रा उंच, राठ काड्या खातो. त्यानं जागा केली की वाइल्डबीस्ट खालचं गवत खातो, आणि मागून येणारी छोटी हरणं अगदी जमिनीलगतचे कोवळे कोंब टिपतात. एकाच ताटात तिघं, पण भांडण नाही.

तिथं मोजतात कसं? विमानातून! जर्मनीचे बर्नहार्ड ग्रझिमेक आणि त्यांचा मुलगा मिखाएल यांनी १९५० च्या दशकाअखेरीस छोट्या विमानातून सेरेंगेटीतले प्राणी मोजले. विमानाला झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेले होते. १९५९ मध्ये त्या विमानाला अपघात होऊन मिखाएल गेला. तेव्हा वाइल्डबीस्ट आजच्या मानानं फारच थोडे होते. त्याचं एक मोठं कारण तुमच्या आजी-आजोबांना ठाऊक असेल: बुळकांडी. गुरांचा हा भयंकर रोग १८८० नंतर बाहेरून आणलेल्या गुरांबरोबर आफ्रिकेत शिरला. गुरांना लस टोचून तो आटोक्यात आला, तेव्हा कुठे १९७० च्या दशकात कळप तेरा लाखांवर गेला. २०११ मध्ये बुळकांडी जगातूनच हद्दपार झाली.

आता आपल्या मेंढरांकडे या. ती फलटण, माण, खंडाळा अशा घाटावरच्या भागांतली. तिकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आपल्या रोह्यात तीन हजारांच्या वर! दिवाळीनंतर तिकडचं रान सुकायला लागतं. त्याच सुमारास आपली भातकापणी संपून शेतं मोकळी होतात. मग धनगरांचे वाडे ताम्हिणी, वरंध अशा घाटांतून कोकणात उतरतात. (वाडा म्हणजे पुण्यातला चिरेबंदी वाडा नव्हे हं! बरोबर फिरणाऱ्या काही कुटुंबांचा आणि त्यांच्या मेंढरांचा मिळून एक वाडा.) रात्री शेतात जाळी लावून, म्हणजे वाघर लावून, मेंढरं बसवतात. सकाळी शेतभर लेंडीखत! त्याचे शेतकरी पैसे देतो, नाहीतर भात-तांदूळ देतो. मेंढरांना चारा आणि शेताला खत. ही देवघेव फार जुनी आहे. आणि पाऊस यायच्या आत परत वर जावंच लागतं, कारण आपल्या चिखलात मेंढरांचे खूर सडतात.

भांडणं होत नाहीत असं नाही. आपला कडवा वाल पोपटीच्या मडक्यात जायच्या आधीच मेंढराच्या पोटात गेला, तर कोण गप्प बसेल?

वाइल्डबीस्टला वाट कुणी दाखवत नाही आणि मेंढरांना माणूस दाखवतो, हा फरक आहेच. पण अडचण दोघांची एकच. वाट तुटली की संपलं. आफ्रिकेतल्या बोट्स्वाना देशात गुरांचे रोग पसरू नयेत म्हणून मैलोन् मैल तारेची कुंपणं घातली. १९८० च्या दशकात दुष्काळ पडला, वाइल्डबीस्ट पाण्याकडे निघाले आणि कुंपणाशी अडून हजारोंनी मेले. त्याच देशात झेब्र्यांच्या एका वाटेवर १९६८ मध्ये कुंपण आलं आणि २००४ मध्ये ते काढलं. मधल्या छत्तीस वर्षांत जुनी वाट चाललेला एकही झेब्रा उरला नसणार. तरी थोड्याच वर्षांत झेब्रे त्या वाटेनं पुन्हा जायला लागले! कसे, ते मला विचाराल तर पाऊस आणि हिरवळ बघत बघत गेले असावेत.

हे सांगायचं कारण असं, की त्या वाड्याबरोबर एक दहा वर्षांची मुलगी होती. मागच्या वर्षी तिचा वाडा आमच्या शाळेमागच्या शेतात आठ दिवस बसला होता आणि ते आठही दिवस ती माझ्या वर्गात होती. कंबरेला विळी, हातात पाटी. बाराचा पाढा तिनं आठ दिवसांत पाठ केला. वर्गातल्या काहींना तो अजून यायचाय, नावं सांगत नाही. यंदा ती फाटकाशी आली आणि म्हणाली, "बाई, औंदा शाळेत बसाय न्हाई व्हायचं. सकाळीच निघायचंय."

का? मागच्या वर्षीच्या त्या शेताला आता भिंत आहे. पलीकडच्या शेतांना कालव्याचं पाणी मिळतं. भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं पाणी कुंडलिकेत येतं, ते डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यात, आणि त्यावर उन्हाळी भात होतो. भात हवाच, मीही तोच खाते. पण शेत मोकळं नाही म्हणजे मेंढरांना बसायला जागा नाही. वाडा एक रात्र थांबणार, पुढे नागोठणे, मग वडखळ, पेण.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं या मुलीला वाटेतल्या सरकारी शाळेत बसता येतं. पण रोज नवं गाव, नवे गुरुजी! ती एकटी जाऊन सांगणार तरी काय? म्हणून मी वहीचा कागद फाडला आणि चिठ्ठी लिहिली: "ही मुलगी हुशार आहे. बाराचा पाढा येतो. जोडाक्षरं वाचते, लिहिताना अडते. भागाकार शिकवायचा राहिला आहे." तिच्या आजीनं ती चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधली. टीव्हीवाल्या स्वारीनं न सांगता आपली नवी पेन्सिल तिला दिली आणि मग दिवसभर माझ्याकडे मागत राहिला!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम गेले. लेंड्या, तीन दगडांची चूल आणि ओली राख. वाडा गेला होता.

आणि बरं का, 'सफारी' हा आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला शब्द. अर्थ प्रवास. मूळ अरबी 'सफर', आपण सफरीला जातो तीच!

तर नागोठणे, वडखळ, पेणकडच्या वाचकांनो, तुमच्या फाटकापुढून मेंढरं गेली तर मोजा आणि आकडा मला पत्रानं कळवा. आणि हातात चिठ्ठी घेऊन एखादी मुलगी तुमच्या वर्गाच्या दाराशी उभी राहिली, तर बाकावर जरा सरकून बसा. भागाकारापासून सुरुवात करायची आहे, हे तुमच्या बाईंना सांगा.