डॉन पाठ, फौजदार माहीत नाही

परवा दहावीच्या वर्गात मी दोन प्रश्न विचारले. पहिला, मुंबईतल्या गाजलेल्या डॉनची नावं सांगा. सहा-सात हात एकदम वर आले. हाजी मस्तान, करीम लाला, दाऊद, छोटा शकील. एकाने तर अबू सालेमचं गावही सांगितलं. दुसरा प्रश्न, या टोळ्यांच्या मागे लागलेल्या एका मुसलमान पोलीस अधिकाऱ्याचं नाव सांगा. वर्ग गप्प. शेवटी मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, सिनेमातला चालेल का?"

हा वर्ग आटपाडीतला. मुंबई इथून रात्रभराच्या एसटीइतकी लांब. तरी तिथले गुंड आमच्या पोरांना पाठ आहेत, आणि इसाक बागवान हे नाव कुणाच्या कानावरून गेलेलं नाही.

बागवान बारामतीचे. आमच्या पोरांच्या चुलत्या-मामांत सापडेल असं आडनाव. गाव सोडून मुंबईला गेले आणि पोलिसांत फौजदार झाले. ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्याच्या आंबेडकर कॉलेजजवळ मन्या सुर्वेला गाठणाऱ्या पथकात राजा तांबट आणि इसाक बागवान होते. पुढे २६/११ ला नरिमन हाऊसपाशी लोकांना बाहेर काढणाऱ्यांतही बागवान होते. शौर्यासाठीचं राष्ट्रपती पदक त्यांना तीन वेळा मिळालं.

त्या काळातली माणसं जरा बघा. मन्या सुर्वे हा शिकलेला, कीर्ती कॉलेजचा मराठी हिंदू. त्याने १९८१ मध्ये पठाण टोळीशी हातमिळवणी करून दाऊदचा भाऊ साबीर याला मारलं. म्हणजे एका मुसलमानाला मारायला मुसलमानांनी हिंदूची मदत घेतली. त्या हिंदूला गाठायला तांबट आणि बागवान एकत्र गेले. यात धर्मयुद्ध कुठं दिसतं? टोळीला धर्म नसतो, हिस्सा असतो. आपल्या मोहल्ल्यात "भाई आपला माणूस" म्हणणाऱ्यांनी साबीरचा शेवट कुणी घडवला ते आठवावं. १२ मार्च १९९३ च्या स्फोटांत २५७ माणसं गेली. त्यानंतर मुंबईत भाड्याची खोली शोधणाऱ्या प्रत्येक मुसलमानाला त्याचा जाब द्यावा लागला. भाई तोवर केव्हाच देश सोडून गेला होता.

आणि आणखी एक गोष्ट. दाऊदचे वडील इब्राहिम कासकर मुंबई पोलिसांत हवालदार होते. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, खेड तालुक्यातलं मुंबके. कोकणातून पोटासाठी मुंबईला गेलेला, खाकी घातलेला बाप. त्याच घरातल्या पोराचे पोस्टर विकले गेले, बापाचं नाव मात्र कुणी लक्षात ठेवलं नाही.

सिनेमावाल्यांचंही सांगतो. २०१३ मध्ये 'शूटआउट ॲट वडाला' आला. त्यात नायक कोण? मन्या. बागवानांवर बेतलेलं पात्र आहे, पण नाव बदललेलं. खुनी माणूस खऱ्या नावानिशी घरोघरी पोचला आणि फौजदार बदललेल्या नावाने. मग आमच्या पोरांनी दुसरं काय शिकावं?

आमच्या अब्बांच्या पिढीचं वाचन वेगळं होतं. उर्दू वाचणाऱ्या घरात इब्ने सफी असायचे. अलाहाबादकडचे हे लेखक फाळणीनंतर कराचीला गेले, स्वतःच परमुलखातले झाले, पण त्यांचे फरीदी आणि इमरान सीमेच्या दोन्ही बाजूंना वाचले गेले. मराठी वाचणाऱ्या घरात बाबूराव अर्नाळकर. या गोष्टी फार थोर साहित्य होत्या असं मी म्हणणार नाही. पण त्यातला गुप्तहेर पुरावा शोधायचा, माग काढायचा, डोकं चालवायचं. आमच्या मोबाईलवरचा नायक फक्त सिगारेट पेटवतो आणि गोळी घालतो.

इथं काही वाचक मला अडवतील. म्हणतील, सर, तुम्ही एन्काउंटरची तरफदारी करताय काय? नाही करत. परभणीचा तरुण इंजिनिअर ख्वाजा युनूस २००२ मध्ये मुंबई पोलिसांच्या कोठडीत गेला, तो परत आला नाही. हे मी विसरलेलो नाही. चकमकीत माणूस मेला तर स्वतंत्र तपास झालाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं, तेही मुंबईतल्याच चकमकींच्या प्रकरणात. गोळीने प्रश्न सुटतो हे मला डॉनच्या तोंडून पटत नाही, तसं पोलिसाच्या तोंडूनही पटत नाही. बागवानांचं नाव मी घेतो ते त्यांच्या पिस्तुलासाठी नाही. त्या शहरात आपला माणूस कायद्याच्या बाजूनेही उभा होता, एवढं पोरांना कळावं म्हणून.

सूरह हुजुरातमध्ये हुकूम आहे की बेभरवशाच्या माणसाने खबर आणली तर आधी शहानिशा करा, नाहीतर नकळत कुणाचं नुकसान कराल आणि पस्तावाल. तहकीक हे आपल्या दीनचंच काम आहे. मग तहकीक करणारा माणूस आपल्या घरातला का वाटत नाही?

आणि शेजाऱ्यांनाही एक विनंती. बागवानांचं नाव घेऊन "बघा, चांगले मुसलमान पण असतात" असं म्हणू नका. तांबटांचं नाव घेऊन "चांगले हिंदू पण असतात" असं कुणी म्हणत नाही.

आता मुद्द्याचं. माझा एक माजी विद्यार्थी पोलीस भरतीची तयारी करतोय. सोळाशे मीटर उत्तम पळतो. त्याचे वडील डाळिंबाच्या सौद्यात हमाली करतात. ते मला म्हणाले, "सर, आपल्या पोराला कोण घेतंय तिथं? उगं दमवू नका त्याला." मी त्यांना म्हटलं, "चाचा, भेदभाव नसतोच असं मी म्हणणार नाही. २०११ च्या जनगणनेत राज्यात आपण साडेअकरा टक्के, पोलिसांत त्याहून बरेच कमी. पण अर्जच केला नाही तर नाकारलं कुणी म्हणायचं?"

पण खरी अडचण मैदानात नाही. लेखी परीक्षा मराठीत असते आणि त्यात मराठी व्याकरणाचे प्रश्न असतात. उर्दू माध्यमातली आपली पोरं तिथं मागं पडतात. याला सरकार जबाबदार आहे, आणि आपणही आहोत. मराठीला आपण वर्षानुवर्षं पास होण्यापुरता विषय समजलो. मीही त्यातलाच. किती वर्षं मी समास आणि प्रयोग "परीक्षेला फार येत नाही" म्हणून घाईत उरकले.

या महिन्यापासून असरनंतर तासभर व्याकरणाचा वर्ग घेतोय. फी नाही. पहिल्या दिवशी चार पोरं आली, त्यात अबू सालेमचं गाव सांगणारा एक होता. फळ्यावर वाक्य लिहिलं, "बागवानांनी माग काढला." म्हटलं, प्रयोग ओळखा.