फुटबॉलचा बेणेमळा कुणाच्या रानात?

उसाच्या पत्रिकेत फुटबॉल कशाला, असे काही मंडळी म्हणतील. त्यांचे म्हणणे रास्त आहे. परंतु आपल्या कार्यक्षेत्रातील बहुतेक घरांचे एक दार मुंबईत उघडते. कुणाचा भाऊ घाटकोपरला, कुणाचा मेव्हणा मुलुंडला, कुणाची आत्या बोरिवलीला. सुटीत पोरं तिकडे जातात, तिथल्या हिरव्या गालिच्याच्या मैदानावर रंगीत बनियन घालून पळणारी मुले पाहतात आणि परत आल्यावर बापाच्या मागे लागतात की मला अकादमीत घाला. दोन-तीन सभासदांनी आम्हाला सरळच विचारले, "पोराला मामाकडे ठेवावं का? फी भरावी का?" म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिली गोष्ट, अकादमी या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक, जिथे क्लब वा संस्था मुलगा निवडते आणि त्याचा खर्च स्वतः सोसते. रिलायन्स फाउंडेशनने २०१५ साली सुरू केलेली नवी मुंबईतील निवासी अकादमी या प्रकारची. तिथे निवड झालेल्या मुलाला खेळाबरोबर शाळा, राहणे, जेवण मिळते. पण निवड होणे म्हणजे हजारांतून एक. दुसरी, जिथे बाप महिन्याला फी भरतो आणि मुलगा संध्याकाळी तास-दीड तास खेळून येतो. उपनगरांत अंधेरीपासून मुलुंडपर्यंत दिसतात त्या बहुतेक या दुसऱ्या प्रकारच्या. त्या वाईट आहेत असे नव्हे. मुलाचे अंग मोकळे होते, चार मित्र मिळतात, शिस्त लागते. परंतु पहिल्या प्रकारचे स्वप्न दाखवून दुसऱ्या प्रकारची फी घेतली जात असेल, तर सभासदाने डोळे उघडे ठेवावेत. बेणे म्हणून कांडी विकत घेताना आपण डोळा तपासतो, वय विचारतो, रान बघतो. पोराच्या बाबतीत नुसती पाटी बघून पैसे मोजायचे?

आपल्याला बेण्याचीच भाषा कळते, तर त्याच भाषेत बोलू. पाडेगावहून किंवा मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडून मूलभूत बेणे येते, कारखाना त्याचा पायाभूत मळा करतो, त्यातून प्रमाणित बेणे शेतकऱ्याच्या रानात जाते. दहा-अकरा महिन्यांचे निरोगी बेणे वापरा आणि दर तीन वर्षांनी बदला, असे शेती खाते ओरडून सांगते. या सगळ्यात साखर एक पोतेसुद्धा निघत नाही. बेणेमळ्याच्या उसाला गव्हाण दिसत नाही. तरीही मळा बंद पडला तर चार-पाच हंगामांत टनेज घसरते, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. फुटबॉलमधली दहा-बारा वर्षांची पोरे म्हणजे हा बेणेमळा होय. तिथे कप मिळत नाही, तिकीट विकले जात नाही, वर्तमानपत्रात नाव येत नाही. म्हणून खर्च कापायची वेळ आली की पहिली कुऱ्हाड तिथेच पडते.

आता मुंबईचेच उदाहरण घ्या. अंधेरीच्या शहाजी राजे क्रीडा संकुलात १७ मार्च २०१९ रोजी इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला, बंगळुरू विरुद्ध गोवा. अतिरिक्त वेळ संपत आलेली, गोल एकही नाही. अशा वेळी ११७व्या मिनिटाला कॉर्नरवर उंच उडी मारून एका बचावपटूने डोक्याने गोल केला आणि बंगळुरूला कप मिळाला. तो खेळाडू कोण? मुंबईत जन्मलेला राहुल भेके. मुंबईचा मराठी पोरगा, मुंबईचे मैदान, आणि कप गेला बंगळुरूला! मुंबई सिटी हा क्लब २०१४ साली स्थापन झाला. भेके त्या वेळी २३ वर्षांचा होता, म्हणजे त्याला घडविण्याचे श्रेय वा दोष त्या क्लबकडे जात नाही. पुढे २०२१ साली क्लबने त्याला आपल्याकडे आणले आणि ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून कप उचलला तो कर्णधार भेकेनेच. दुसऱ्याच्या रानात वाढलेला ऊस आपल्या गव्हाणीत आला की गाळप चांगले दिसते. पण आपले रान?

मुंबईची रग जुनी आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारणारा नेव्हिल डिसूझा मुंबईचा. त्या काळापासून मुंबईचा फुटबॉल कंपन्यांच्या आणि ऑफिसांच्या संघांवर चालला. मुलगा चांगला खेळला की त्याला नोकरी लागे. गुडघा गेला तरी मस्टरवर सही चालू राही. ही गोष्ट गरीब घरच्या पोराला किती मोलाची होती ते आपण जाणतो. २०१० साली महिंद्र युनायटेड बंद झाला. २०१३ साली क्लब परवान्याच्या अटी पुऱ्या होत नाहीत म्हणून एअर इंडिया आय-लीगमधून बाहेर गेला. पुण्याचा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. जुलै २०२५ मध्ये तर सुपर लीगचा हंगामच स्थगित ठेवल्याचे क्लबांना कळविण्यात आले आणि ऑगस्टमध्ये बंगळुरू क्लबने खेळाडूंचे पगार थांबविल्याचे जाहीर केले. ज्या दिवशी मालकाला परवडत नाही त्या दिवशी दार बंद. विचारायला सभासद नाहीत, सर्वसाधारण सभा नाही.

इथे आम्हाला स्पेनमधील बार्सिलोना क्लबची आठवण होते. या क्लबला मालक नाही. तो सभासदांचा आहे, अध्यक्ष सभासदांच्या मतांनी निवडला जातो, म्हणजे आपल्याच जातकुळीचा. १९७९ साली त्यांनी मैदानाशेजारच्या एका जुन्या इमारतीत बाहेरगावच्या पोरांसाठी वसतिगृह काढले. इमारतीचे नाव ला मासिया, आणि मासिया म्हणजे त्यांच्या भाषेत शेतघर! १७०२ सालचे शेतकऱ्याचे घर. २०१० साली जगातील सर्वोत्तम खेळाडूच्या मानासाठी जे तीन जण अखेरपर्यंत राहिले, मेस्सी, इनिएस्ता आणि झावी, ते तिघेही याच संस्थेत वाढलेले. बीज पेरल्यापासून तीस वर्षांनी आलेले हे पीक. अर्थात सभासदांची संस्था म्हणून कर्ज होत नाही असे नाही. २०२१ साली पैशाच्या ओढाताणीत त्यांना मेस्सीलाच निरोप द्यावा लागला. सहकार आणि कर्ज यांचे नाते आपल्याला बार्सिलोनाने शिकवायला नको.

आणि इतके लांब तरी कशाला जा? कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालीम मंडळांचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा पेठाच्या पेठा लोटतात. कोणी मालक नाही म्हणून कोणी बंदही करू शकत नाही. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार होऊन २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याला मुंबईच्या उपनगरात तासाच्या भाड्याने मैदान घ्यावे लागले नाही.

अंधेरी-घाटकोपरला खरी अडचण मैदानाची. जागा सोन्याच्या भावाची, म्हणून मैदान तासावर भाड्याने, म्हणून फी जबर, म्हणून ज्याच्या बापाला परवडते तोच शिकतो. आपल्याकडे जागा आहे, पोरे आहेत, फक्त शिकविणारा नाही. मग पोराला मैदान नसलेल्या ठिकाणी पाठवून, मैदान असलेले गाव रिकामे ठेवायचे, हे कसले शहाणपण?

आमचे मत स्पष्ट आहे. बारा-तेरा वर्षांपर्यंत पोरगे घरी राहावे, शाळेत जावे. कारखान्याने वसाहतीच्या मैदानावर परवानाधारक प्रशिक्षक नेमावा आणि संघ जिल्हा संघटनेकडे रीतसर नोंदवावा. मुलींचाही. नोंदणीला आम्ही महत्त्व देतो त्याला कारण आहे. फिफाच्या नियमानुसार खेळाडू फी घेऊन परदेशी क्लबकडे गेला, तर त्या रकमेतील ५ टक्के वाटा त्याला १२ ते २३ वर्षे वयात घडविणाऱ्या क्लबांना जातो. बारा ते पंधरा या वयातील प्रत्येक वर्षाला पाव टक्का, पुढच्या प्रत्येक वर्षाला अर्धा टक्का. एक कोटीची बदली झाली तर बाराव्या वर्षी एक वर्ष शिकविणाऱ्या गावच्या संघाचे पंचवीस हजार होतात. नोंद नसेल तर शून्य. उसाची नोंद चुकली की काय होते ते वेगळे सांगायला नको. या पैशावर डोळा ठेवून कुणी संघ काढू नये, असा वाटा क्वचितच कुणाच्या नशिबी येतो. पण आपले देणे दुसऱ्याच्या खाती का जमा व्हावे?

खर्चाचे म्हणाल तर यासाठी उसाच्या बिलातून टनामागे एक पैसाही कपात होता कामा नये. अगोदरच्या कपातींचा हिशेब वाचता वाचता सभासदाचा चष्म्याचा नंबर वाढला आहे. प्रशिक्षकाचे मानधन, चेंडू, जाळ्या एवढाच प्रश्न आहे. कुस्तीला कारखाने मानधन देतात, कागलच्या शाहू कारखान्याचे उदाहरण समोर आहे. उत्सव-सत्काराच्या खर्चातून हे सहज भागेल असे आम्हास वाटते. संचालक मंडळाने हारांचा खर्च मोजून पाहावा.

वार्षिक सभेत हा विषय मांडण्याचा आमचा विचार आहे. ज्यांची मुले-मुली दहा ते तेरा वयाची आहेत त्यांनी गट ऑफिसात नावे द्यावीत. सोबत जन्मनोंदीचा मूळ दाखला आणावा. पोराचे वय दोन वर्षांनी कमी करून आणलेला कागद मनगटाच्या एक्स-रेपुढे टिकत नाही.